निषेध: मनाईचा ठराव कसा झाला

इंदुरात पेट्रोल पंपावर ‘धूम्रपान निषेध’ आणि कचेरीच्या दारावर ‘प्रवेश निषेध’ लिहिलेले दिसते. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला वाटावे, धूम्रपानाविरुद्ध इथे सभा भरली आहे की काय! इथल्या मराठी घरांत त्याचे नवल नसते. हिंदीतला निषेध म्हणजे मनाई आणि मराठीतला म्हणजे जाहीर, औपचारिक नापसंती.

मूळ अर्थ हिंदीने राखला. संस्कृतात ‘नि’ उपसर्ग लागून ‘सिध्’ धातूचा अर्थ रोखणे, मागे सारणे असा होतो. मीमांसकांनी वेदवाक्यांचे पाच प्रकार केले: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. त्यांत ‘अमुक करू नये’ असे बजावणारे वाक्य ते निषेध. मराठीतून हा अर्थ पुरता गेला नाही. एखाद्याला ‘कसलाच विधिनिषेध नाही’ म्हणतो किंवा उपासाला काय निषिद्ध ते विचारतो, तेव्हा जुनाच अर्थ बोलत असतो.

सुटा ‘निषेध’ मात्र वळला. का, याचा माझा तर्क असा: मनाई करायला हातात सत्ता लागते. एकोणिसाव्या शतकात अर्ज-विनंत्यांच्या जोडीला जाहीर सभा आणि ठराव आले. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 ची. सत्ता परक्याची, तेव्हा सभेला थांबवता काहीच येत नव्हते. ‘हे आम्हांला मान्य नाही’ एवढे लेखी म्हणता येत होते. हुकूम सरकारकडे राहिला, त्यासाठी अरबी वळणाची ‘मनाई’ होतीच. निषेध रयतेच्या वाट्याला आला.

‘इतराजी’चा प्रवास नेमका उलटा. अरबी-फारसीतून आलेला ‘ऐतराज’ हिंदी-उर्दूत साधी हरकत आहे, ती कुणीही घ्यावी. मराठी कारभारात त्याची वरिष्ठांची गैरमर्जी झाली. सरकारची कारकुनावर इतराजी होते. कारकुनाची सरकारवर होत नाही. (आणि ‘हरकत’ हिंदीत गेली की तिचे चाळे होतात, ते वेगळेच.)

1818 मध्ये होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरात आली, तेव्हापासून या शहरात दोन्ही भाषांना शेजार आहे. 1935 साली तर मराठी साहित्य संमेलन इथे झाले आणि गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे हिंदी साहित्य संमेलनही इथेच.

त्यामुळे एखाद्या मंडळाला दोन्ही भाषांत निवेदन द्यायचे झाले की शब्द तोलावा लागतो. मराठी प्रतीत ‘तीव्र निषेध करतो’, हिंदीत ‘कड़ी निंदा करते हैं’. हीच निंदा उचलून मराठीत आणली, तर सभासद पाठीमागे नालस्ती करत बसल्यासारखे वाटते. ‘निंदाव्यंजक ठराव’ चालतो, कारण ‘व्यंजक’ शेपूट लागल्यावर ती सभागृहात बसण्याजोगी होते. बाकी पायऱ्या ठरलेल्या आहेत: नापसंती व्यक्त करायची, नाराजी कळवायची, निषेध नोंदवायचा आणि धिक्कार घोषणेसाठी ठेवायचा. निषेध कृत्याचा करावा, माणसाचा नव्हे, असे मला वाटते; पण वर्तमानपत्रांत दोन्ही सर्रास छापले जाते.