अस्थानिक गर्भधारणा : धोक्याची लक्षणे

गर्भाशयाच्या पोकळीबाहेर गर्भ रुजणे म्हणजे अस्थानिक गर्भधारणा. शंभरातल्या 1 ते 2 गर्भधारणांत असे घडते. 90 टक्क्यांहून अधिक वेळा हा गर्भ बीजवाहिनीत असतो, म्हणून बोलण्यात ‘नळीत गर्भ राहिला’ असे म्हणतात. क्वचित तो बीजकोशात, गर्भाशयमुखात किंवा जुन्या सिझेरियनच्या व्रणातही रुजतो. बीजवाहिनी गर्भाशयासारखी ताणली जात नाही. गर्भ वाढला की ती फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. नळीतला गर्भ काढून गर्भाशयात बसवता येत नाही.

लक्षणे बहुधा शेवटच्या पाळीपासून 6 ते 8 आठवड्यांनी जाणवतात. पाळी चुकणे, ओटीपोटात (बऱ्याचदा एका बाजूला) दुखणे आणि अंगावरून रक्त जाणे ही त्रयी प्रसिद्ध आहे, पण अनेकींत तिन्ही एकत्र दिसत नाहीत. सर्वांत फसवा असतो तो रक्तस्राव. थोडा, थांबून थांबून होणारा, काळपट. पाळीच्या तारखेच्या आसपास तो झाला, की पाळीच आली असे वाटते. त्यामुळे ‘पाळी चुकली का?’ एवढे विचारून भागत नाही. या वेळची पाळी नेहमीसारखी होती का, हेही विचारावे लागते.

खांद्याच्या टोकाशी दुखणे हे कमी माहीत असलेले, पण गंभीर लक्षण. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) लागते. श्वासपटलाच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांतून जातात, म्हणून दुखणे खांद्यात भासते. आडवे झाल्यावर ते वाढू शकते. गर्भाशयामागे रक्त साचले तर सारखे शौचाला लागल्यासारखे वाटते, आणि पोट बिघडले असावे असा समज होतो. घेरी येणे, घाम फुटणे, अंग पांढरे पडणे ही नळी फुटल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी तासभरही वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. तरुण शरीर बराच वेळ तग धरते. नाडी व रक्तदाब ठीक आहेत म्हणून धोका टळला असे मानता येत नाही.

आधीची अस्थानिक गर्भधारणा, क्लॅमिडियासारखा जंतुसंसर्ग, नळीवरची शस्त्रक्रिया आणि धूम्रपान यांनी शक्यता वाढते. कॉपर-टी किंवा नसबंदी असूनही दिवस गेले, तर हा संशय आधी घ्यावा. तरीही सुमारे निम्म्या स्त्रियांत असे कोणतेच कारण सापडत नाही.

निदान योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीने आणि रक्तातील एचसीजी या गर्भधारणेच्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) 48 तासांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांनी होते. लवकर कळल्यास निवडक रुग्णांत मेथोट्रेक्झेट हे औषध पुरते. एरवी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. फुटलेली नळी काढून रुग्ण वाचवण्याची शस्त्रक्रिया ब्रिटिश शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी 1883 मध्ये यशस्वी केली. एकदा असे झालेल्यांपैकी सुमारे 10 टक्के स्त्रियांत ते पुन्हा होते, म्हणून पुढच्या वेळी दिवस राहताच, सहाव्या-सातव्या आठवड्यात, गर्भ कुठे आहे ते पाहून घेतात.