पाळणाघरासाठी फक्त बायका मोजायच्या?

‘आपल्याकडे बायका मोजून सात-आठ, पाळणाघर कसलं मागता?’ एचआरचं हे ठरलेलं उत्तर चुकीचं आहे. ३० हून अधिक स्त्रिया हव्यात, ही अट जुन्या कारखाने कायद्यातली होती. तिचीच सावली ऑफिसांवर पडली. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आणलेल्या, आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या नियमानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय द्यावीच लागते, आणि त्या ५० मध्ये पुरुषही धरायचे. आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता येतं. मेख एवढीच, की कामाच्या मधली तिची विश्रांतीची वेळही त्यातच मोजतात. शिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला कामाच्या वेळेत रोज दोन ब्रेक, पगार न कापता. फेऱ्या मात्र आईच्याच नावावर; बाबाला कायदा विचारतही नाही, हे खटकतंच. हे सगळं नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवणंही २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं होतं.