पैसे गेले? आधी १९३०, कागद मागाहून

गेल्या छाटणीच्या दिवसांत तासगावजवळच्या आमच्या सेवा केंद्रावर एक द्राक्ष बागायतदार आले. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलेली ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) त्यांनी उघडली आणि तासाभरात खात्यातून तीनदा पैसे गेले. रविवार होता, म्हणून ते शाखा उघडायची वाट बघत बसले. सोमवारी पासबुक, आधार, फोटो सगळं घेऊन आले. १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, फोन मात्र केलाच नव्हता.

म्हणून कळकळीने सांगते, पैसे गेल्याचं कळताच १९३० लावा. चोरटे रक्कम घटकाभरात चार खात्यांतून फिरवतात, बहुतेकदा परराज्यातल्या. ती एकट्या जिल्ह्याच्या पोलिसांना रोखता येत नाही. यासाठीच केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२१ मध्ये पोलीस आणि बँका एका यंत्रणेत जोडल्या. रक्कम पुढच्या खात्यात अजून शिल्लक असेल तर तिथेच गोठवता येते. रोखीत काढली की ती वाट बंद.

तक्रार कोणीही करू शकतं. शुल्क नाही, किमान रकमेची अट नाही. म्हाताऱ्या आईवडिलांच्या वतीने मुलांनी फोन केला तरी चालतो. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेकडचा ओळख क्रमांक, जवळ ठेवा. लोक चुकतात ते इथेच. यूपीआयचा यूटीआर बारा अंकी असतो. ॲपचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी वेगळा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर वेगळा लिहून घ्या, अंक दोनदा ताडून बघा.

फोननंतर एसएमएसवर पोच क्रमांक येतो. तो घेऊन २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. ओळखपत्र, बँक स्टेटमेंट, मेसेजचे आणि समोरच्याच्या नंबरचे स्क्रीनशॉट जोडा. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं. आमच्यासारख्या केंद्रावर फॉर्म भरून घेतलात तरी लॉगिनचा ओटीपी स्वतःच्या हाताने टाका. बँकेचा पिन कोणालाच सांगू नका, आम्हालाही नाही.

त्याच दिवशी बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांत तीन कामकाजाच्या दिवसांना फार महत्त्व आहे: चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि या मुदतीत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गोठवलेली रक्कम सोडवायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो. तपास अधिकाऱ्यांना त्याबद्दल विचारा.

आणि मोबाईल लगेच रिसेट करू नका. इंटरनेट बंद करा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, फोन तसाच ठेवा. त्या बागायतदारांच्या पुतण्याने चांगल्या मनानेच फोन साफ केला, आणि फाइल कोणत्या नंबरवरून आली होती तेही त्याच्याबरोबर पुसलं गेलं.