फिल्टर चोक झालाय की गाडीनं एअर धरलीय?

पिकअपमध्ये टन-दीड टन माल, समोर चढ, पाय तळाला टेकलेला आणि गाडी ओढत नाही. किंवा सकाळी सेल्फ नुसता घरघरतो, इंजिन पकडत नाही, पकडलं तरी दोन झटके देऊन बंद पडतं. दोन्ही वेळा भोवती जमलेल्यांचं निदान एकच असतं, ‘डिझेल येत नाही.’ ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण डिझेल न येण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट. एकात वाट बुजलेली असते (चोक), दुसऱ्यात वाटेला भोक पडून हवा आत शिरते (एअर). चोक झालेल्या डिझेल फिल्टरवर उपाय नवा फिल्टर. एअर धरलेल्या गाडीला नवा फिल्टर बसवला तर पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं.

स्कॅनर लावूनही फारसं उलगडत नाही. कॉमन रेल गाडीत (जिथं सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, मोठ्या दाबाचं डिझेल मिळतं) दोन्हींमुळे रेलमधला दाब पडतो आणि बहुधा बिघाडाचा एकच कोड उमटतो, पी ००८७. त्याचा अर्थ ‘दाब कमी आहे’ एवढाच. तो वाचून थेट हाय प्रेशर पंप किंवा इंजेक्टर उतरवायला घेणं म्हणजे स्वतःच्या खिशाला भोक पाडणं.

शहाळ्यात घातलेली नळी आठवा. टोकाशी मलई अडकली की आपण जोर लावतो, गाल आत जातात, पाणी येत नाही. हा चोक. नळीला वर कुठंतरी चीर असली तर गाल आत जातच नाहीत, नुसतं फुरफुरतं. ही एअर. ज्या पिकअपच्या टाकीत विजेचा पंप नाही, तिथं टाकीपासून फीड पंपापर्यंतची (हा इंजिनाकडचा, डिझेल ओढून घेणारा पंप) सगळी लाइन अशीच ओढीवर चालते. म्हणूनच तिथली गळती फसवी असते. इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली ओला डाग नाही म्हणजे लीक नाही, हा हिशोब या भागात चालत नाही. टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत मात्र लाइनमध्ये दाब असतो, तिथं सैल जोड उघडपणे ओला होतो.

आता लक्षणं. चोक भारावर कळतो. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते, आयडलला तर कुरकुर नसतेच, कारण तेव्हा डिझेल थोडंच लागतं. माल भरला, चढ लागला, रेस वाढवली की पिकअपचा पिकअप जातो. हे एका दिवसात होत नाही, आठवडे-महिने हळूहळू वाढत जातं. एअरचं दुखणं रात्री तयार होतं. गाडी उभी असताना बारीक चिरेतून हवा आत शिरते, लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी पंपाला ओढायला हवाच मिळते. एकदा चालू झाली की बऱ्याचदा दिवसभर नीट चालते, फार तर आयडलला आरपीएम खाली-वर होतो. टाकी पाव भरलेली असताना किंवा गाडी नाक वर करून उतारावर लावली असताना त्रास जास्त झाला, तर संशय एअरवरच घ्यावा. आणि दुखणं अचानक, कुणाचा तरी हात तिथं लागून गेल्यानंतर सुरू झालं असेल (फिल्टर बदलला, पाणी काढलं, टाकी कोरडी पडली) तर शंकेलाही जागा उरत नाही, ती एअरच.

हँड प्रायमर (हातानं दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप किंवा रबरी फुगा) असलेल्या गाडीत पहिली तपासणी फुकट आहे. सकाळी किल्ली लावण्याआधी प्रायमर दाबा. दोन-तीन दाबांत तो कडक झाला तर लाइन भरलेली आहे, एअर नाही. वीस-पंचवीस दाबांपर्यंत पोचट राहिला, मग कडक झाला आणि त्यानंतर गाडी पहिल्या सेल्फला पकडली, तर एअर रात्रीतून शिरते आहे. पन्नास दाबूनही कडकच होत नसेल तर चीर मोठी आहे, टाकीत डिझेल नाही किंवा प्रायमरचीच झडप गेली आहे. रबरी फुगा दाबून सोडल्यावर परत फुगत नसेल, चपटाच राहत असेल, तर अडथळा प्रायमरच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. फुगा भरतो पण दाबताना अंगठा दुखेपर्यंत जड लागतो, तर अडथळा पुढे, म्हणजे बहुधा फिल्टरमध्येच.

प्रायमरवरून खात्री पटली नाही तर फिल्टर आणि पंपाच्या मधल्या नळीच्या जागी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा. इंजिन चालू करून बघा. सुरुवातीचे चार बुडबुडे आपणच नळी लावताना शिरलेल्या हवेचे असतात, ते धरू नयेत. दोन मिनिटांनंतरही सोड्यासारखी बारीक बुडबुड्यांची रांग चालूच राहिली तर एअर. डिझेल स्वच्छ, सलग आहे आणि रेस दिल्यावर गाडी तरीही गुदमरते, तर चोक. परतीच्या लाइनमधले (उरलेलं डिझेल टाकीत नेणाऱ्या नळीतले) बुडबुडे पाहून निर्णय घेऊ नये. तपासणी झाली की ही नळी काढून टाका, साधं प्लास्टिक डिझेलमध्ये कडक होऊन तडकतं आणि मग नवीनच एअर सुरू होते.

चोक सापडला तरी लगेच फिल्टर विकत आणू नका, आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. टाकीतून डिझेल जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून ओढ वाढते. गाडी पंचवीस-तीस किलोमीटरवर दम तोडते, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते, असा खेळ असेल तर टाकीतल्या जाळीवर कचरा बसतो आहे. गाडी बंद झाली की ओढ संपते, कचरा खाली पडतो आणि पुढच्या प्रवासात परत चिकटतो. या दोन्हींत फिल्टर निर्दोष असतो. खात्री करायची असेल तर फिल्टरच्या इनलेटला छोटी नळी लावून ती स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. कॅनवर रेस नीट घेतली तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे.

पावसाळ्यात बॅरलमधून डिझेल भरणाऱ्यांच्या गाड्यांत फिल्टर धुळीपेक्षा शेवाळासारख्या थरानं जास्त चोक होतात. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जिवाणू वाढतात आणि तपकिरी बुळबुळीत थर फिल्टरच्या कागदावर चढतो. थंडीतला मेणाचा चोक महाराष्ट्रात सहसा दिसत नाही. पण आपल्याकडे टाकी भरून हिवाळ्यात थेट काश्मीर गाठणाऱ्या गाडीला तो गाठू शकतो, कारण डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरवर बसतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं वेगळं डिझेल काढलं, ते याचसाठी.

एअर शोधण्याचं काम जास्त चिकाटीचं. प्रत्येक जोड पुसून कोरडा करा, त्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि प्रायमर कडक होईपर्यंत दाबून धरा. प्रायमरच्या पुढच्या भागात आता ओढीऐवजी दाब आहे, त्यामुळे जिथून हवा आत यायची तिथून डिझेल बाहेर झिरपतं आणि कागदावर टिकलीएवढा ओला ठिपका उमटतो. प्रायमरच्या मागच्या नळ्या हातानं वाकवून, क्लिपजवळच्या चिरा डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले: पाणी काढल्यावर सैल राहिलेला तळाचा ड्रेन स्क्रू, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वॉशर, पिळलेली ओ रिंग, आणि सगळ्यात लाजिरवाणा म्हणजे जुन्या फिल्टरचं रबर वरच्या हेडला (फिल्टर ज्यावर बसतो त्या भागाला) चिकटून राहिलेलं असताना त्यावरच चढवलेला नवा फिल्टर.

म्हणजे चोक काढायला गेलेला माणूस एअर घालून येतो, हे घरी फिल्टर बदलताना घडणारं नेहमीचं आहे. ते टाळायचं तर काम असं करावं.

इंजिन थंड, गाडी सपाट जागेवर, किल्ली बंद. फिल्टर हेडभोवतीची माती ब्रशनं आणि धागे न सुटणाऱ्या फडक्यानं साफ करा. खाली भांडं धरून ड्रेन स्क्रूनं फिल्टर रिकामा करा. हे डिझेल काचेच्या बरणीत दहा मिनिटं ठेवलं की पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. डिझेल रबरी होज, इंजिन माउंट किंवा बेल्टवर सांडू देऊ नका. फिल्टर पान्यानं सैल करून हातानं उतरवा आणि हेडवर बोट फिरवून जुनं रबर निघालं आहे का ते बघा. पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरच्या बुडाला असेल तर तो नव्यात घाला, ओ रिंग नवी, आणि हातानंच आवळा, प्लास्टिकचा आटा पान्यानं लगेच मरतो. नव्या रबराला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवा. रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर छापलं असेल तेवढंच. जास्त आवळलं की रबर चेपून बाहेर येतं आणि तिथूनच हवा शिरते.

नवा फिल्टर डिझेलनं भरून लावावा का, यावर वाद आहे. कॉमन रेलमध्ये कोरडा लावून प्रायमरनं भरणंच शहाणपणाचं. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता सरळ पंपाकडे जातं, आणि १,६०० बारच्या आसपास चालणाऱ्या इंजेक्टरला डोळ्याला न दिसणारा कणही पुरतो. भरायचाच असेल तर बाहेरच्या बारीक भोकांतून.

प्रायमर कडक होईपर्यंत दाबा. टाकीत विजेचा पंप असेल तर सेल्फ न मारता किल्ली पाच-सहा वेळा चालू-बंद करा, दर वेळी काही सेकंद थांबून. मग सेल्फ, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. तीन-चार प्रयत्नांत चालू झाली नाही तर पुन्हा प्रायमरकडे या. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, हवेवर फिरवत राहिलं तर त्याचा कीस सगळ्या लाइनभर पसरतो. टोचन लावून ओढणं किंवा इनटेकमध्ये स्प्रे मारणं याच कारणानं नको, त्यात ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारी कांडी) असलेल्या इंजिनात स्प्रेचा स्फोट होऊ शकतो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर हात बसलेले लोक एअर काढायला इंजेक्टरचे नट सैल करतात. तिथं ते ठीक होतं. कॉमन रेलमध्ये पंप, रेल आणि इंजेक्टरमधल्या नळ्यांना पाना लावू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, वरून टोचल्याएवढाच डाग दिसतो आणि आत हात सडू शकतो. असं झालं तर मलम लावत न बसता थेट हॉस्पिटल.

चालू झाल्यावर पाच मिनिटं आयडलला ठेवा, दोनदा रेस द्या, बंद करून सगळे जोड बोटानं चाचपा. फिल्टरच्या डब्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्याआधी प्रायमरवर अंगठा ठेवा: कडक लागला तर काम झालं, पोचट लागला तर बहुतेक वेळा ते नवं रबरच आहे.