उलुवातूच्या माकडांची देवघेव

इंडोनेशियातील बाली बेटाच्या दक्षिण टोकाला, समुद्रालगतच्या सुमारे ७० मीटर उंच कड्यावर उलुवातूचे हिंदू मंदिर आहे. त्याच्या आवारात राहणारी लांब शेपटीची माकडे पर्यटकांच्या वस्तू हिसकावतात आणि खाऊ मिळाल्यावरच सोडतात. ही माकडे ‘मकाक’ या प्रजातिगटातली. त्यांच्या या देवघेवीचा अभ्यास हा मकाकांच्या बुद्धीविषयी प्रयोगशाळेबाहेर, मोकळ्यावर झालेल्या सर्वांत रंजक अभ्यासांपैकी एक आहे.

मकाक म्हणजे मराठी माणूस ज्याला नेमके ‘माकड’ म्हणतो ते : लालसर किंवा फिकट तोंडाचे, गालात खाऊ साठवायची थैली असलेले. कोकणातले केल्डे याच गटातले. काळ्या तोंडाचा वानर मात्र वेगळा. त्याला गालाची थैली नसते.

चोरीची रीत ठरलेली आहे. माकड बहुधा मागून येते, चष्मा, टोपी, फोन, कधी पायातली चप्पल ओढते आणि चार पावलांवर जाऊन बसते. ते दूर पळत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. चष्मा खाता येत नाही, तरी ते तो घट्ट धरून माणसांकडे पाहत राहते. मंदिराचा कर्मचारी खाऊ पुढे करतो. माकड तो हुंगते, कधी ढुंकूनही पाहत नाही. चष्म्याची काडी दाताखाली धरून बसते. मग दुसरे काही काढावे लागते. मनासारखे मिळाले की खाऊ हातात आणि चष्मा जमिनीवर. अभ्यासकांनी नोंदवलेल्या सर्वांत लांबलेल्या सौद्यात वस्तू परत मिळायला २५ मिनिटे लागली. त्यातली १७ निव्वळ घासाघिशीत गेली.

टोपीविक्याच्या गोष्टीतली माकडे नकलेच्या नादात टोप्या खाली फेकतात. इथे स्वतःची टोपी फेकून दाखवणाऱ्याची तीही जाईल. एरवीही हुबेहूब नक्कल करण्यात माकडे समजतो तितकी तरबेज नसतात. दुसऱ्याचे पाहून ती एखाद्या वस्तूकडे वळतात, पुढचे मात्र स्वतःच धडपडून शिकतात.

उलुवातूत हे शिकणे वर्षानुवर्षे चालते. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाचे झां-बाप्तिस्त लका आणि बालीच्या उदयना विद्यापीठातील सहकाऱ्यांनी २०१५-१६ मध्ये २७३ दिवस या माकडांचे चित्रीकरण केले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. चार वर्षांखालची पिल्ले हाताला लागेल ते उचलतात : केसांची पिन काय, रिकामी पिशवी काय. मोठी माकडे निवड करतात. माणूस कशामागे जास्त धावतो हे त्यांना ठाऊक झालेले असते, म्हणून फोन आणि चष्मे त्यांना अधिक प्रिय. मोलाच्या वस्तूसाठी ती जास्त किंवा चांगला खाऊ मागतात, कमी मोलाच्या वस्तूवर थोडक्यात राजी होतात. प्रयोगशाळेत माकडांना बिल्ले देऊन खाऊ ‘विकत’ घ्यायला शिकवता येते हे आधीच माहीत होते. इथे शिकवणी कोणी ठरवून घेतलेली नाही. अर्थात सौद्याला दोन बाजू असतात. कर्मचारी खाऊ घेऊन धावलाच नाही, तर चोरलेल्या चष्म्याला माकडाच्या लेखी काय किंमत?

याला ‘खंडणी’ म्हणणे चटपटीत आहे, पण थोडे उतावळेपणाचे. फोन म्हणजे काय हे माकडाला कळण्याची गरज नाही. तो आपल्या हातात असला की माणूस हात सैल सोडतो, एवढे कळले तरी पुरते.

ही सवय आवारातल्या सगळ्या कळपांत सारखी नाही. बेल्जियमच्या लीएज विद्यापीठातील फॅनी ब्रोत्कोर्न यांच्या २०१७ च्या निबंधानुसार जो कळप पर्यटकांत जास्त वावरतो आणि ज्यात वयात येणारे नर जास्त, तो अधिक चोऱ्या करतो. मकाकांत माद्या जन्मभर आपल्याच कळपात राहतात आणि आईचा मान मुलीकडे जातो. नर वयात आल्यावर बाहेर पडतात, त्यामुळे त्या वयातले धाडस त्यांच्याकडे असणे स्वाभाविक आहे. बालीत माकडे आणि पर्यटक इतरत्रही भरपूर एकत्र येतात, तरी चोरून सौदा करण्याची चाल उलुवातूइतकी कुठे रुजलेली दिसली नाही. म्हणूनच अभ्यासक तिला उपजत वृत्ती न मानता या माकडांची स्थानिक परंपरा मानतात. पुढे एक नवा कळप मंदिराच्या परिसरात येऊन राहिला, तेव्हा काही काळाने त्यातलीही माकडे चष्म्यांवर हात टाकू लागली.