अल्पकालीन मिशन यात्रा (बेटांवरील शाळांतील बायबल-वाटप)

एखाद्या चर्चच्या सभासदांनी, बहुधा तरुणांनी, सुट्टीच्या काळात आठ-पंधरा दिवसांसाठी परदेशी जाऊन केलेल्या धर्मप्रसाराच्या किंवा सेवेच्या कामाला अल्पकालीन मिशन यात्रा म्हणतात. बोलण्यात ‘मिशन ट्रिप’ हा शब्द रुळला आहे. घरे बांधणे, दवाखाना चालवणे, मुलांसाठी सुट्टीतील बायबल शाळा भरवणे अशी अनेक कामे तिच्यात येतात. शाळाशाळांतून बायबल किंवा नवा करार (बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीचा उत्तरभाग) वाटणे हे त्यांपैकी सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत जास्त होणारे काम. पॅसिफिक आणि कॅरिबियन बेटांकडे अशा तुकड्यांचा ओढा मोठा आहे. तिथे इंग्रजी चालते, चर्च आधीपासून असते, आणि शाळा लहान असल्यामुळे एका सकाळी सगळ्या मुलांच्या हाती पुस्तक देता येते.

या बेटांवर बायबल नवे नाही, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. लंडन मिशनरी सोसायटीचे ‘डफ’ जहाज ५ मार्च १७९७ रोजी ताहितीला पोहोचले. त्यातून आलेला हेन्री नॉट हा गवंडीकाम करणारा माणूस. त्याने ताहितीची भाषा आत्मसात केली, राजा दुसरा पोमारे याच्या मदतीने भाषांतर सुरू केले आणि संपूर्ण ताहितीयन बायबल १८३८ मध्ये लंडनला छापून झाले. म्हणजे एका पुस्तकासाठी चाळीस वर्षे. त्यातले लूकचे शुभवर्तमान १८१८ मध्येच शेजारच्या मोरेआ बेटावर छापले गेले होते आणि लोकांनी ते नारळाचे तेल देऊन विकत घेतले होते. हवाई बेटांवर अमेरिकन मिशनरी १८२० मध्ये उतरले. तिथले बायबल १८३९ मध्ये पूर्ण झाले. किरिबाती या पॅसिफिक बेटांवर धाकटे हायरम बिंगहॅम (हवाईतील मिशनरी हायरम बिंगहॅम यांचे पुत्र) १८५७ मध्ये आले आणि त्यांचे भाषांतर १८९० मध्ये संपले. फिजीत वेस्लियन मिशनरी डेव्हिड कारगिल आणि विल्यम क्रॉस १८३५ मध्ये टोंगाहून लाकेंबा बेटावर आले. पुढे विवा या चिमुकल्या बेटावर जॉन हंट यांनी केलेला नवा करार १८४७ मध्ये छापला गेला. त्यानंतरच्याच वर्षी हंट तिथे वारले.

या इतिहासात बेटवासीयांचा वाटा युरोपीयांपेक्षा कमी नाही, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. कुक बेटांवर १८२१ मध्ये सुवार्ता नेली ती पापेइहा या पॉलिनेशियन शिक्षकाने. टोंगाचे जोएली बुलू १८३८ मध्ये फिजीला गेले आणि १८७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राबले. तुवालूत ख्रिस्ती धर्म पोहोचला तो १८६१ मध्ये, कुक बेटांतील मनिहिकीहून वादळात भरकटत आलेल्या एलेकाना या माणसाबरोबर. भारताच्या बाजूला निकोबारमध्येही असेच घडले. नवा करार निकोबारी भाषेत आणला तो कार निकोबारचेच सुपुत्र जॉन रिचर्ड्सन यांनी. पुढे ते बिशप झाले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे नामनियुक्त सदस्यही. यांतल्या बहुतेकांना परक्या बेटांवर जाऊन राहावे लागले, तिथले अन्न खावे लागले, तिथल्या रोगांना तोंड द्यावे लागले. अल्पकालीन यात्रेची तुलना करायची ती यांच्याशी.

आजच्या अर्थाने ‘शॉर्ट टर्म’ मिशन दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. विमानप्रवास स्वस्त झाला आणि मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबातील मुलांना उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत दूरवर जाता येऊ लागले. जॉर्ज व्हर्वर दोन मित्रांसह १९५७ मध्ये स्पॅनिश पुस्तिका घेऊन मेक्सिकोला गेले. त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. तिने १९७० मध्ये ‘लोगोस’ हे पुस्तकांचे जहाज घेतले, आणि तिची पुढची जहाजेही बेटाबेटांच्या बंदरांना लागत आली. लॉरेन कनिंगहॅम यांना १९५६ मध्ये बहामाच्या नासाऊ शहरात, किनाऱ्यावर लाटांसारखे येणारे तरुण दृष्टान्तात दिसले, असे ते सांगत. त्यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था स्थापन केली. तिच्या उन्हाळी सेवेची पहिली मोठी तुकडी १९६४ मध्ये गेली ती बहामा आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाकडेच, म्हणजे या चळवळीचा जन्मच बेटांवरचा म्हणायला हरकत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकन प्रौढ परदेशी मिशन यात्रेला जात होते. त्यांचा मुक्काम सरासरी आठ दिवसांचा होता.

शाळांतील वाटपाची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने आली. फिरत्या विक्रेत्यांनी १८९९ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ‘गिडियन्स’ ही संघटना काढली. हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या बायबलांमुळे ती जगाला माहीत झाली. शाळा, रुग्णालये, तुरुंग आणि लष्करी तळ हीही तिची वाटपाची ठिकाणे. नवा करार, स्तोत्रे आणि नीतिसूत्रे एकत्र बांधलेली खिशात मावेल अशी तिची प्रत जगभरच्या शाळकरी मुलांच्या परिचयाची आहे. गिडियन्सची एक पद्धत चांगली आहे: त्या-त्या देशातले स्थानिक सभासदच वाटप करतात. मिशन ट्रिपवाल्यांनी वाटपाचा हा नमुना उचलला, स्थानिक माणूस मात्र अनेकदा मागे राहिला.

फिजीचे उदाहरण घेतले तर एखादी यात्रा कशी चालते ते नीट दिसते. ३०० हून अधिक बेटांच्या या देशातील सुमारे १०० बेटांवर वस्ती आहे. अमेरिकेतील सुट्टी जून ते ऑगस्टची. त्याच वेळी फिजीत कोरडा हंगाम असतो, चक्रीवादळांची भीती नसते आणि शाळा भरलेल्या असतात. पाहुण्यांना विद्यार्थी वर्गातच भेटतात ते या जुळणीमुळे. तयारी सहा-आठ महिने आधी सुरू होते. प्रत्येकजण नातलगांना आणि आपल्या चर्चच्या मंडळीतील लोकांना पत्रे लिहून खर्च उभा करतो. आठवड्याला एकदा प्रार्थना, गाणी आणि छोट्या नाटुकल्यांचा सराव होतो. पुस्तके विमानाच्या सामानातून न्यायची की तिथे घ्यायची, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. बायबल वजनाला जड, आणि २३ किलोच्या बॅगेत ती फार बसत नाहीत. सुवा शहरात बायबल सोसायटी ऑफ द साउथ पॅसिफिकचे मुख्य ठाणे आहे; तिथे फिजियन, हिंदी आणि इंग्रजी प्रती मिळतात. तिथूनच खरेदी करणे शहाणपणाचे. तरी पुष्कळ तुकड्या घरून खोकी नेतात, कारण देणगीदारांनी पुस्तकांसाठीच पैसे दिलेले असतात.

दूरच्या बेटावर पोहोचल्यावर थेट शाळेत जाता येत नाही. आधी गावच्या प्रमुखापुढे बसून यंगोनाच्या (जिच्यापासून कावा हे पेय करतात त्या वनस्पतीच्या) मुळ्यांची जुडी अर्पण करायची असते. हा सेवुसेवुचा विधी झाला की पाहुणे गावचे होतात. टोपी काढायची, खांदे-गुडघे झाकायचे, पुरुषांनीही सुलू (लुंगीसारखे वस्त्र) नेसायचा. मग मुख्याध्यापकांची परवानगी, आणि सकाळची प्रार्थनासभा. मुले दाटीने चटईवर बसतात आणि पाहुण्यांपेक्षा कितीतरी सुरेल गातात. मेथॉडिस्ट उपासनेत वाढलेल्या मुलांना चार आवाजांत गाणे घरचेच असते. एखादा पाहुणा आपल्या जीवनाची साक्ष देतो, म्हणजे श्रद्धेचा अनुभव सांगतो, दुभाषा शिक्षक ती सांगतो, पुस्तके वाटली जातात, फोटो निघतात. सगळे एक-दीड तासात आटोपते. दुपारची होडी गाठायची असते.

अशा सकाळी मुलांना झालेला आनंद खरा असतो, तो नाकारण्याचे कारण नाही. लाऊ किंवा यासावा गटातल्या छोट्या बेटावर मालाची बोट कधी येईल याचा भरवसा नसतो, शाळेच्या ग्रंथालयात मोजकी पुस्तके असतात, आणि स्वतःच्या नावाचे पहिले पुस्तक मिळाल्याचे अप्रूप कोणत्याही मुलाला वाटेल. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने फिजीतील ४४ माणसांचा बळी घेतला आणि शाळाच्या शाळा उद्ध्वस्त केल्या. अशा वेळी पुस्तके घेऊन येणारा माणूस कोणालाही हवाच असतो. पण त्याने बायबलाबरोबर वह्या, अंकलिपी आणि गोष्टींची पुस्तकेही आणावीत, अशी शिक्षकाची अपेक्षा रास्त आहे.

भाषेच्या बाबतीत हलगर्जीपणा फार होतो. जमैकात शाळेची भाषा इंग्रजी, पण मुलांच्या तोंडी असते ती जमैकन पात्वा. त्या भाषेतला नवा करार २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा देवाचे वचन ‘रस्त्यावरच्या’ बोलीत आणल्याबद्दल बेटावरच मोठा वाद झाला. हैतीत मात्र तिथल्या लोकभाषेतले, क्रेओलमधले, बायबल १९८५ पासून मंडळीत रुजले. बाहेरून येणाऱ्या तुकड्यांच्या खोक्यांत बहुधा इंग्रजीच प्रती असतात. कधी तर सतराव्या शतकातल्या इंग्रजीचे किंग जेम्स भाषांतर. आठ वर्षांच्या मुलाला ते कळत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न संमतीचा आहे, आणि फिजीत तो भारतीयांशी जोडलेला आहे. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६०,००० गिरमिटिया (करारबद्ध) मजूर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून तिथे नेले गेले. त्यांचे वंशज बहुतांशी हिंदू, काही मुसलमान. त्यांच्या मुलांसाठी सुवातील पहिले वर्ग १८९७ मध्ये आलेल्या हॅना डडली या मेथॉडिस्ट बाईंनी आपल्या घरी भरवले. पुढे आर्य समाज, सनातन धर्म सभा आणि दक्षिण भारतीयांच्या ‘संगम’ने स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. आज एकाच बाकावर मेथॉडिस्ट, हिंदू आणि मुसलमान मुले बसतात. सभेत सर्वांसमोर पुस्तक पुढे आले की अकरा वर्षांची हिंदू मुलगी ‘नको’ म्हणू शकत नाही. फिजीच्या २०१३ च्या राज्यघटनेने देश धर्मनिरपेक्ष ठरवला आहे. मुलाच्या स्वतःच्या धर्माव्यतिरिक्त दुसऱ्या धर्माचे शिक्षण पालकांच्या संमतीशिवाय त्याच्यावर लादता येत नाही, असेही तिच्यात म्हटले आहे. भारतीय राज्यघटनेचे २८ वे कलम जवळपास हेच सांगते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये सरकारी शाळांतील गिडियन बायबलांचे वाटप घटनाबाह्य ठरवले, तेही एका ज्यू पालकाच्या तक्रारीवरून. जे काम स्वतःच्या गावच्या सरकारी शाळेत करता येत नाही ते परक्या बेटावर सहज करता येते, याचा विचार प्रत्येक तुकडीने निघण्यापूर्वी करायला हवा.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. हवाईला मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेनेच त्याआधी गॉर्डन हॉल यांना भारतात पाठवले होते; ते १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. हॉल तेरा वर्षे राहिले, मराठी शिकले, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पुस्तके व औषधे वाटत असताना पटकीने गेले. मुंबईच्या मिशनशाळेत शिकलेले नारायण शेषाद्री १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा मिशनऱ्यांच्या घरी राहिलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून केवढे वादळ उठले आणि त्याच्या शुद्धीसाठी, म्हणजे त्याला हिंदू समाजात परत घेण्यासाठी, बाळशास्त्री जांभेकर कसे झगडले, हे सर्वज्ञात आहे. शाळेत मूल कोणाच्या हवाली केले आहे, ही पालकांची काळजी तेव्हाही हीच होती. संमतीचा प्रश्न धुडकावल्याचे टोकाचे उदाहरणही भारतीय समुद्रातलेच आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण कायद्याची बंदी मोडून उत्तर सेंटिनेल बेटावर उतरला आणि मारला गेला. त्याला जीव गमवावा लागलाच. पण बाहेरच्या रोगांशी कधी गाठ न पडलेल्या त्या छोट्या जमातीचा जीवही त्याने धोक्यात घातला होता.

खर्चाचा हिशेब उघडपणे मांडला जात नाही. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी केला. परदेशी तुकडीने बांधलेले घर प्रवासखर्च धरून सुमारे ३०,००० डॉलरना पडले, स्थानिक ख्रिस्ती संस्थेला तेच सुमारे २,००० डॉलरमध्ये जमत होते. आणि यात्रेहून परतलेल्यांच्या देणग्यांतही फारसा फरक पडला नाही. बायबल-वाटपाला हे गणित आणखी जोराने लागू पडते, कारण दहा जणांच्या विमानभाड्यात एखाद्या लहान बेटसमूहातील प्रत्येक मुलाला पुस्तक मिळू शकते.

या टीकेची दखल चळवळीच्या आतून घेतली गेली आहे. अमेरिकेत २००३ मध्ये अल्पकालीन मिशनसाठी सात मानके ठरवली गेली. यजमान मंडळीशी खरी भागीदारी, योग्य प्रशिक्षण आणि परतल्यानंतरचा पाठपुरावा ही त्यांतली महत्त्वाची. ती पाळणारी चर्चे आता लहान तुकडी पाठवतात आणि वर्षानुवर्षे एकाच बेटावर जातात. प्रती स्थानिक बायबल सोसायटीकडून घेतात, आणि त्या मुलांच्या हाती थेट न देता शाळेच्या कपाटात किंवा गावच्या पाळकाकडे ठेवतात. ज्या घरी हव्या असतील ते मागून नेतात.