पाटीवर आकडा, मेडलवर नाव

साताऱ्याकडच्या किंवा रत्नागिरीकडच्या काही गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके जण गेले, त्यांतले इतके मेले, एवढंच तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं. नाव कुणाचंच नाही. पणजोबांचा गणवेशातला फोटो घेऊन माहिती शोधायला निघालेल्याची पहिली गाठ बहुतेक या आकड्याशीच पडते.

मराठा पलटणींची माणसं मोठ्या संख्येने इराकात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात लढली. तिथल्या कूत-अल-अमारा या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे सुमारे १३,००० सैनिक शरण गेले आणि त्यांतले कितीतरी कैदेत मेले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. दगड अपुरा पडला असेल असं मला वाटत नाही. शिपायाचं नाव कोरायची गरजच कुणाला भासली नाही. युद्धकबरी सांभाळणाऱ्या आयोगाने ही विषमता अहवाल काढून मान्य केली ती २०२१ मध्ये.

त्याच वर्षी पंजाबचं दप्तर उघडलं. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या वह्यांत सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदी निघाल्या. युद्ध संपल्यावर तिथल्या सरकारने त्या लिहून घेतल्या होत्या.

आपल्याकडे अनेक घरांत नाव टिकलं ते मेडलच्या कडेवर. त्या युद्धाचं चांदीचं मेडल हातात घेऊन कड उजेडात फिरवली की बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात: शिपाई नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. दुष्काळात कितीतरी मेडलं सोनाराकडे गेली, आणि त्यांच्याबरोबर नंबरही वितळला. एकाच गावात त्याच आडनावाचे चार शिपाई असले की खरा आधार नंबराचाच.

इथे आणखी एक घोळ होतो. १९२२ मध्ये या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट बनली आणि ११० नंबरची पलटण तिची तिसरी बटालियन झाली. म्हणून मेडलवर ११०, पेन्शनच्या कागदावर ३/५ म्हणजे पाचवीची तिसरी बटालियन, आणि घरचे म्हणतात ही दोन वेगळी माणसं. मग फोटोच काय तो साक्षीदार. तोही फ्रेममध्ये चिकटवलेला असतो. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव, कधी पेन्सिलीने लिहिलेली तारीख, आणि नेमका तोच पुठ्ठा वाळवीने खाल्लेला.